जुनं धुराडं, नवा स्टोव्ह: आधी मापं, मग शोरूम

थंडी पडायला लागली की इंग्लंडात जुनी घरं घेतलेली आपली मंडळी मला हमखास विचारतात, "ताई, बसायच्या खोलीतला लाकडाचा स्टोव्ह बदलायचाय, कुठला घेऊ?" मी उलट विचारते, "धुराडं तपासलंत का?" स्टोव्ह कितीही देखणा असला तरी धूर ओढायचं काम धुराड्याचं. म्हणून आधी धुराडं बघायचं, मग त्याच्या पायथ्याचा कोनाडा, मग खोली, आणि स्टोव्ह सगळ्यात शेवटी.

जुना स्टोव्ह काढण्याआधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा आणि तो काम करत असताना तिथेच उभे राहा. खाली काय पडतं ते बघायचंय. कोरडी, भुरभुरीत काजळी पडली तर उत्तम. डांबरासारखे चकचकीत काळे पापुद्रे पडले, तर समजा की आधीचा स्टोव्ह वर्षानुवर्षं नुसता धुमसत होता. हेच पापुद्रे पेटले की धुराड्याला आतून आग लागते. साफसफाई झाल्यावर त्याच्याकडून धुराच्या वडीची चाचणी करून घ्या. वडी खाली पेटवली की सगळा धूर छपरावरच्या आपल्याच तोंडातून निघायला हवा. तेवढ्यात कुणीतरी वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत आणि माळ्यावर फिरून वास घ्यावा. एकाला एक लागून घरं असतील तर शेजाऱ्यांनाही विचारा, कारण मधल्या भिंतीतल्या विटांचे सांधे झिजले की धूर पलीकडे जातो.

धुराड्यात आधीपासून स्टीलची नळी असेल तर ती कधी बसवली, कुठल्या प्रतीची आहे, याचा शोध घ्या. बसवणाऱ्याने माहितीची छोटी पट्टी लावलेली असते, बहुधा विजेच्या मीटरजवळ. ३१६ आणि ९०४ या दोन प्रती नेहमी दिसतात. त्यातली ९०४ आम्लाला जास्त टिकते. नळी जुनी असेल, कुठे दबलेली असेल किंवा तिचा कागदच सापडत नसेल, तर स्टोव्हबरोबर तीही बदला. इथे काटकसर करू नका. नळीचा व्यास स्टोव्हच्या धूर बाहेर सोडणाऱ्या तोंडापेक्षा लहान असून चालत नाही. साधारणपणे १५० मिमी लागतो. धूरबंदीच्या भागात, म्हणजे धुराड्यातून धूर सोडायला मनाई असलेल्या भागात, चालणाऱ्या मान्यताप्राप्त स्टोव्हला १२५ मिमीही पुरतो, पण निर्मात्याच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं हवं.

आता ताकद, आणि लोक फसतात ते इथेच. आमची खोली ४.२ मीटर लांब, ३.८ रुंद आणि २.६ उंच, म्हणजे सुमारे ४१.५ घनमीटर. भिंती बऱ्यापैकी ऊब धरणाऱ्या असतील तर याला १४ ने भागायचं: जेमतेम ३ किलोवॅट. आमच्यासारख्या जुन्या, गार भिंतींच्या घरात १० ने भागावं: ४ च्या वर थोडंसं. तरीही शोरूममध्ये मला ८ किलोवॅटचा आग्रह झाला, "थोडा मोठा असलेला बरा" म्हणून. नाही, बरा नाही! ८ किलोवॅटचा स्टोव्ह पूर्ण पेटवला तर त्या खोलीत बसवत नाही, मग आपण हवेची झडप दाबून ठेवतो. हवा कमी पडली की लाकूड जळायचं सोडून धुमसतं, काच काळी होते आणि ते डांबर धुराड्यात साचत जातं. लहान स्टोव्ह मोकळ्या हवेवर, पिवळ्या खेळत्या ज्वाळेने पेटलेला असावा. मी ४.५ किलोवॅटचा घेतला आणि सगळ्यांना तेच सांगते: गणितात जेवढं येतं त्याच्या जवळच राहा.

याला आणखी एक कारण आहे. जुन्या घरात ५ किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हला सहसा भिंतीत कायमचं हवेचं भोक पाडावं लागत नाही. त्यावर गेलात की दर जादा किलोवॅटमागे ५५० चौरस मिमी उघडं भोक ठेवावं लागतं. नव्या, घट्ट बांधणीच्या घरांत तर पहिल्या किलोवॅटपासूनच हा हिशेब लागू होतो.

कोनाडा मोजताना रुंदी, उंची, खोली तिन्ही घ्या आणि मागची रुंदी वेगळी घ्या, कारण जुने कोनाडे बऱ्याचदा मागे निमुळते असतात. वर लाकडी तुळई असेल तर पुस्तिकेतलं ज्वलनशील वस्तूंपासूनचं अंतर आधी वाचा. स्टोव्हखालच्या दगडी ओट्यालाही नियम आहेत: बाजूंना १५० मिमी, आणि पुढे २२५, पण दार उघडं ठेवून वापरता येण्याजोगा स्टोव्ह असेल तर ३००. पुस्तिकेत ओटा १०० अंशांच्या वर तापत नाही असं लिहिलं असेल तर १२ मिमी जाडीची फरशी पुरते, नाहीतर जाड बांधीव ओटा लागतो.

बिडाचा की पोलादाचा, यावर फार वेळ घालवू नका. बीड उशिरा तापतं, उशिरा निवतं, एवढंच.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुकं साचलं आणि त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. धूरबंदीचे पट्टे त्याच कायद्यातले. आमची लीड्समधली गल्ली अशाच पट्ट्यात येते. तुमची येते का, ते कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, नकाशावर बघा. येत असेल तर लाकूड जाळायला डेफ्राच्या, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, यादीतलाच स्टोव्ह हवा. इंग्लंडमध्ये धूर सोडल्याचा दंड १७५ ते ३०० पौंड आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेला इकोडिझाइनचा शिक्का, म्हणजे नव्या स्टोव्हच्या धुरावरची आणि कार्यक्षमतेवरची अट, ही वेगळी गोष्ट. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे विचारा.

लहान स्टोव्हची पेटीही लहान असते. किती लांबीचं ओंडकं मावतं ते विचारा, कारण २५ सेंटीमीटरचीच सोय असेल आणि लाकूडवाला ३३ चं देत असेल तर रोज करवत काढावी लागेल. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओलमापकाच्या सुया बाहेरच्या सालीत खुपसून उपयोग नाही. ओंडकं फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा. बाहेर १५ दाखवणारं लाकूड आत २८ निघालेलं मी पाहिलंय.

बसवायला हेटाससारख्या, स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला माणूस बोलवा, नाहीतर कौन्सिलच्या बांधकाम खात्याची मंजुरी घ्यावी लागते. काम झाल्यावरचं प्रमाणपत्र घराच्या कागदांत ठेवा. घर विकताना वकील ते मागतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हबरोबरच लावून घ्या, तो सक्तीचाच आहे: स्टोव्हपासून आडव्या अंतरावर १ ते ३ मीटर, छताला लावत असाल तर भिंतीपासून निदान ३०० मिमी लांब. त्या वायूला ना रंग ना वास. बसवणारा घराबाहेर पडण्याआधी त्याच्यासमोर अलार्मचं बटण दाबून आवाज ऐका.