व्हॉट्सॲपवर भाषा शिकवताय? या चुका टाळा

कोरेगाव तालुक्यात आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. पहिला ग्रुप काढला, तेव्हा महिन्याभरात त्यात गुड मॉर्निंगची फुलं, बेंदराच्या शुभेच्छा आणि वहीच्या पानांचे धूसर फोटो जमले. इंग्रजीत एकही पोर बोललं नव्हतं. चूक माझीच. फळ्यावरचा गृहपाठ मी नुसता मोबाईलवर नेऊन ठेवला होता.

वहीचा फोटो मागवू नका, आवाज मागवा. वर्गात ६० मुलं, तास ३५ मिनिटांचा. मी तोंड मिटून बसले तरी एकेकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. व्हॉइस मेसेज मात्र मनासारखा होईपर्यंत पुसून पुन्हा करता येतो, म्हणून लाजरी पोरंही बोलतात. फक्त ‘माय सेल्फ’सारखा विषय देऊ नका, गाईड वाचून दाखवतात. मी जोड्या लावते. एकानं आज एसटीत काय झालं ते सांगायचं, दुसऱ्यानं त्यावर एक प्रश्न विचारायचा, पहिल्यानं उत्तर द्यायचं. प्रश्न आला की पाठांतर कोलमडतं.

‘आय गोएड’ला ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘वेंट’ म्हणून सुधारलंत की ते पोर महिनाभर गप्प. नेहमीच्या दोन-तीन चुका दुसऱ्या दिवशी नाव न घेता फळ्यावर घ्या.

संध्याकाळी ५ ची मुदत देऊ नका. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील आल्याच्या रानात. दुसऱ्या दिवशी रात्री ९ पर्यंत वेळ द्या.

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो; मुलींच्या आयांना ते नको असतं, आणि बरोबरच आहे. सूचनांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. मेसेज पोचत नसेल तर समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय का, ते आधी पाहा. बहुतेक वेळा गोम तिथंच असते.

मराठीच्या सरांची तक्रार वेगळी : मुलं विश्वकोशातली नोंद जशीच्या तशी चिकटवतात. विश्वकोश घडला आपल्याच वाईत, ऑनलाइन फुकट आहे, वापरावाच. पण नोंद वाचून फोन बाजूला ठेवायचा आणि आजीला समजेल असं बोलून पाठवायचं. कीबोर्डवरचा माईक दाबून बोलून टाईप करताना भलतंच हिंदी उमटत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा.

हेच बोलून टाईप करणं मी इंग्रजीलाही वापरते. फोननं काय ऐकलं ते वाचून पोरं हसतात आणि पुन्हा बोलतात. गुण मात्र त्यावर देत नाही, फोनला आमचे उच्चार नेहमी कळतातच असं नाही.