राजदूतबाईंचं आत्मचरित्र कसं वाचायचं

प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण सोडा, थेट शेवटची नामसूची उघडा. कुणाचं नाव किती पानांवर आलंय आणि जे हमखास असायला हवं होतं ते कुठंच कसं नाही, हे बघायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात बाईंचं कुणाशी पटत होतं, कुणाशी बिनसलं होतं आणि कुणाबद्दल लिहिताना पेन आखडलं, याचा अंदाज येतो. बरीच भाषांतरं ही सूची गाळतात, म्हणून जमेल तिथं मूळ इंग्रजी प्रतच मागा. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

मी निवृत्तीपर्यंत राज्यशास्त्र शिकवलं. आता राजारामपुरीत आमच्या भिशीच्या बायका जमतात तेव्हा आम्ही असली पुस्तकं वाचतो. इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून एकीनं घरी प्रकरण वाचून यायचं आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचं. ऐकणारी कुणी मध्येच "म्हंजे नेमकं केलं काय तिनं?" असं विचारलं, की त्या परिच्छेदाला पेन्सिलीनं खूण करायची. मुत्सद्द्यांना काही न सांगता पानभर बोलायची सवय असते, आणि ती जागा अशी पकडता येते.

सुरुवात विजयालक्ष्मी पंडितांपासून करा. मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन इथं भारताच्या प्रतिनिधी, 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि 1962 ते 1964 आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल. यजमान रणजित पंडित मराठी, 'राजतरंगिणी'चा इंग्रजी अनुवाद करणारे. बाईंचं आत्मचरित्र 'द स्कोप ऑफ हॅपिनेस' 1979 मध्ये आलं. हे साल वहीत वरच लिहून ठेवा. आणीबाणीनंतर 1977 च्या निवडणुकीत बाई भाचीच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या, विरोधात प्रचाराला उतरल्या होत्या, आणि पुस्तक बाहेर आलं तेव्हा इंदिराबाई सत्तेबाहेर होत्या. इंदिराबाईंवरची पानं हे ध्यानात ठेवून वाचली की त्यातला राग कुठला आणि माया कुठली, हे वेगळं काढता येतं. कुठल्याही आत्मचरित्राला हाच प्रश्न विचारा: छापताना खुर्चीवर कोण होतं आणि लेखिकेला अजून काय मिळवायचं होतं?

मग वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे बाई काय म्हणतात ते, उजवीकडे जाहीर नोंद काय सांगते ते. मॉस्कोचं उदाहरण घ्या. 1947 ते 1949 त्या तिथं राजदूत होत्या, पण स्टालिननं त्यांना भेट दिली नाही. त्यांच्यामागून गेलेल्या राधाकृष्णनना मात्र 1950 च्या जानेवारीत भेट मिळाली. हे बाईमाणूस म्हणून झालं की तेव्हा रशियाला नेहरूंचं सरकार इंग्रजांच्या कच्छपी वाटत होतं म्हणून? माझा कौल दुसऱ्या कारणाला आहे. आमच्या भिशीत यावरून जोरात वाजलं होतं. दूतावासासाठी स्टॉकहोमहून फर्निचर आणलं म्हणून देशात त्यांच्यावर टीका झाली. तिथं "पुरुषाला हे विचारलं असतं का?" हा प्रश्न जरूर विचारा, पण खर्चाचा आकडाही विचारा. बाई आहे म्हणून हिशेब माफ करायचा नाही.

घरगुती पानं उडवू नका. माझे विद्यार्थी हटकून उडवायचे, त्यांना वाटायचं राजकारण पुढच्या प्रकरणात आहे. 1944 च्या जानेवारीत रणजित गेले. पदरी तीन मुली, मुलगा नाही, म्हणून सासरच्या मालमत्तेतला हक्क नाकारला गेला. त्याच वर्षाअखेर बाई अमेरिकेला गेल्या आणि 1946 मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वागणुकीचा ठराव 8 डिसेंबरला 32 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झाला. कायदा माणसाला कसा बेदखल करतो, हे घरात भोगून आलेली बाई त्या व्यासपीठावर उभी होती. ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचा.

सोबत सी. बी. मुथम्मा खटल्याचा निकाल ठेवा. तोही 1979 चाच, सर्वोच्च न्यायालयाचा, इंटरनेटवर फुकट मिळतो आणि चहा संपेपर्यंत वाचून होतो. परराष्ट्र सेवेतल्या या पहिल्या महिला अधिकारी. लग्न केलं तर राजीनामा देईन, असं त्यांच्याकडून नोकरीत शिरतानाच लिहून घेतलं होतं. न्या. कृष्ण अय्यर यांनी विचारलं, घरसंसार कामाच्या आड येत असेल तर तो पुरुषाच्याही येणार नाही का? दरम्यान बढती मिळाल्यामुळे याचिका फेटाळली गेली, पण नियमांवर त्यांनी सोडलेले ताशेरे बघाच.

सगळ्यात सावध राहायचं ते पश्चात्तापाच्या पानांवर. मॅडलिन ऑलब्राइट यांचं पुस्तक 2003 चं. 1996 मध्ये, त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत असताना, टीव्हीवर त्यांना विचारलं गेलं, की इराकवरच्या निर्बंधांमुळे पाच लाख मुलं दगावली असं म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? निवड कठीण आहे, पण किंमत योग्य वाटते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. तो आकडा पुढं वादात सापडला, पण उत्तर त्यांना चिकटलं ते चिकटलंच. आत्मचरित्रात त्या हे उत्तर चुकलं असं म्हणतात. आमच्या मंगळवार पेठेतल्या वहिनींनी लगेच विचारलं, "अहो बाई, बोलणं चुकलं म्हणती, का निर्बंध चुकले म्हणती?" बोलणंच. दोष सद्दामचा, हे त्यांचं म्हणणं कायम आहे. रवांडातल्या 1994 च्या वंशसंहाराबद्दल मात्र आधी काही करायला हवं होतं, असं त्या लिहितात. ही खंत शब्दांची नाही, वागण्याची आहे. दोन्ही उतारे शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा.

मजकुरावर हात कुणाचा फिरलाय, हेही बघा. ऑलब्राइट यांच्या पुस्तकावर बिल वुडवर्ड यांचं नाव सहलेखक म्हणून आहे, ते लपवलेलं नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची युरोप प्रवासाची डायरी घ्या. महाराज 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले, आणि डायरी 1872 मध्ये छापून आली ती कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादित केलेली. त्यातलं राणीच्या राज्याचं कौतुक किती महाराजांचं आणि किती संपादकाच्या कात्रीचं, यावर एक अख्खी बैठक होते.

पहिल्या बैठकीला अख्खं पुस्तक वाटू नका. एकीला सूची, एकीला 1944 ची पानं, एकीला मॉस्को द्या. आणि जिला राजकारणाचा कंटाळा आहे, तिला निकाल वाचायला द्या.