सातबाऱ्यावर नाव आहे, पण मालक कोण? या चुका टाळा

जमिनीच्या बोलण्यात आपण सरसकट 'मालक' म्हणतो. सातबारा काढून बघा: तिथे शब्द आहे 'भोगवटादार', म्हणजे जमीन धारण करणारा. हा फरक न कळल्यामुळे लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकतात, म्हणून हे तळमळीने सांगतो आहे.

पहिली चूक म्हणजे सातबाऱ्यालाच मालकीचा दाखला समजणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे ही नोंद विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. हक्क येतो तो खरेदीखत, वाटप, वारसा, मृत्युपत्र किंवा कोर्टाच्या हुकुमातून. फेरफार म्हणजे त्या हक्काची सातबाऱ्यासाठी घेतलेली फक्त नोंद.

दुसरी चूक सातबाऱ्यावर भोगवटादार 'वर्ग 1' आहे की 'वर्ग 2' हे न बघता इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देण्याची. वर्ग 2 च्या जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध असतात. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागत असताना ती न घेता व्यवहार केला, तर शर्तभंग होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. 'परवानगी नंतर काढू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

सगळ्यात जास्त घरं मोडतात ती मात्र 'ए.कु.मॅ.' या अक्षरांपायी. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागतं. बाकी भावा-बहिणींचा हिस्सा त्यामुळे संपत नाही. नवा सातबारा लिहिताना ही अक्षरं गळाली, की पुढच्या पिढीला तो एकटाच मालक वाटू लागतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तेव्हा बहिणींना विचारात न घेता झालेली खरेदी पुढे वाटपाच्या दाव्यात सापडते. बहिणींनीही हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय सही करू नये.

'इतर हक्क' हा रकाना तर अनेकजण वाचतच नाहीत. कुळ, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथेच असतं. घरपट्टीची पावती मालकी ठरवत नाही, आणि सोसायटीतला नॉमिनी आपोआप फ्लॅटचा मालक होत नाही.

शंका असेल तर सातबाऱ्यावरचे सगळे फेरफार क्रमांक टिपून घ्या, तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या नोंदींच्या नकला काढा आणि दुय्यम निबंधकाकडच्या (दस्त नोंदणी कार्यालयातल्या) दस्तांशी ताडून बघा. इसार त्यानंतरच द्या.