मातृभाषेचा रकाना कोण भरतं? भाषा आणि शिक्षणाच्या राजकारणावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

एम.ए. संपत आलं की विद्यार्थी विषय घेऊन येतात. मराठी शाळा का ओस पडतात, इंग्रजी माध्यमामुळे खेड्यातल्या मुलांचं काय होतं, शाळेत तीन भाषा शिकवायच्या त्रिभाषा सूत्रामागचं राजकारण काय. विषय चांगले असतात, तळमळही खरी असते. फक्त बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि पीएच.डी. त्याला पुरावे गोळा करण्यासाठी करायची असते. त्यांना मी एकच सांगते: आराखडा लिहायला बसण्याआधी एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदींची वही, उघडून बघा. त्यात नाव, जन्मतारीख, जात यांच्या सोबतीला 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तो येतो. तो कोण भरतं, ते बघा.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव भागात प्रवेशाच्या दिवसांत मी हे जवळून पाहिलं. आई मुलाला घेऊन आली होती, त्याच्याशी पावरीत, म्हणजे पावरा आदिवासींच्या भाषेत, बोलत होती. गुरुजींनी नाव विचारलं, आधार कार्ड बघितलं, जातीचा दाखला बघितला. मातृभाषा विचारलीच नाही. वरच्या नोंदीसारखंच खाली 'मराठी' लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "मराठी शाळा आहे ना मॅडम." जवळच्याच दुसऱ्या शाळेत त्याच समाजाच्या मुलांपुढे 'भिल्ली' होतं, कारण तिथल्या बाई स्वतः त्या भागातल्या. आणि एका वडिलांनी तर आपणहून सांगितलं, "मराठीच लिहा, पुढं नोकरीला बरं पडतं." या तीन नोंदींमधला फरक भाषेचा नाहीच. एका ठिकाणी शाळेच्या माध्यमाने मुलाची भाषा ठरवली, दुसऱ्या ठिकाणी शिक्षिकेच्या ओळखीने, तिसऱ्या ठिकाणी बापाच्या आशेने. राजकारण म्हणजे निवडणूक आणि मोर्चे एवढंच धरून चाललात तर हे हातातून निसटतं.

आता हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत बघा. २०११च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं १९,५६९ भरली. छाननी करून, एकासारखी नावं एकत्र करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या. शेवटी दहा हजार किंवा त्याहून जास्त भाषक असलेल्या १२१ भाषा तक्त्यात आल्या. पाच कोटींहून अधिक लोकांनी भोजपुरी सांगितली, ती हिंदीखाली मोजली गेली. अहिराणी मात्र मराठीत गेली नाही, 'खानदेशी' या वेगळ्या नावाखाली राहिली. प्रगणक घरून निघून गेल्यावर, कार्यालयात बसून हे गट पडले. त्यामुळे 'हिंदी भाषक इतके कोटी' असं वाक्य प्रबंधात लिहिताना त्या आकड्याच्या पोटात काय आहे ते वाचकाला सांगावंच लागतं.

न्यायालयही या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचलं आहे. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांत मातृभाषेचं माध्यम सक्तीचं केलं, त्या वादात २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, सरकारला त्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे, पण 'व्यवहार्य असेल तेथवर'. ही सवलतीची शब्दयोजना कोण, केव्हा, कुणासाठी वापरतं, एवढ्यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. कुणीतरी तो करावा असं मला फार मनापासून वाटतं.

कागद वाचायची सवय इथे सगळ्यात जास्त कामाला येते. महाराष्ट्राचा कुठलाही शासन निर्णय घ्या. नवे विद्यार्थी मधला निर्णय वाचून थांबतात. सुरुवातीला 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची आणि पत्रांची यादी असते, तिच्यापासून सुरुवात करा. एकेक क्रमांक धरून मागे गेलात की धोरण कुठून आलं, कुणाचं पत्र मध्ये आलं, हे कळतं. शेवटी 'प्रति' खाली कुणाकुणाला पाठवलं तेही बघा. एखाद्या खात्याचं नाव तिथे नसणं हीसुद्धा माहिती आहे.

२०२५चं प्रकरण यासाठी उत्तम आहे. १६ एप्रिलच्या निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनच्या सुधारित निर्णयात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थ्यांची अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. वर्तमानपत्रांत पक्षांची भांडणं आली, ती यायलाच हवी होती. पण २०ची ती अट घेऊन दुर्गम भागातल्या छोट्या शाळेत जा, जिथे सगळ्या वर्गांची मिळून मुलं तेवढी भरत नाहीत. अट कागदावर सगळ्यांना सारखी असते, प्रत्यक्षात काहींना ती कधीच पूर्ण करता येत नाही.

जुनी कागदपत्रंही मुळातून वाचा. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन बऱ्याच जणांना फक्त उताऱ्यांतून माहीत असतं. पूर्ण वाचलं की दिसतं, त्यांचा रोख पैशावर होता: कष्टकऱ्यांकडून वसूल होणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात. भाषेच्या धोरणावर काम करतानाही अंदाजपत्रक उघडायचं असतं, ही शिस्त तिथून घेता येते.

मुलाखतीत 'तुझी मातृभाषा कोणती?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: आजीशी कसं बोलतोस? भावाशी भांडताना? बाजारात? बाईंना पाणी प्यायला जाऊ का विचारताना? चार प्रश्नांना चार उत्तरं येतात आणि मग रजिस्टरमधला एक शब्द किती अपुरा आहे ते तुमच्या वहीत आपोआप उतरतं. ती भाषा तुम्हाला येत नसेल तर गावातला एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या, कामाचे पैसे द्या आणि लेखात श्रेय द्या. तळटीपेतल्या आभारांवर भागवू नका.

आकडे वापरताना ते शाळेतून आलेत की घरातून, हे बघा. यूडायस या सरकारी शालेय माहिती प्रणालीतली माहिती शाळा भरते. मुलांना वाचता-मोजता किती येतं ते पाहणारं 'असर' हे सर्वेक्षण २००५पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन होतं, म्हणून शाळेत न जाणारी मुलंही त्यात सापडतात. दोन्हींची तुलना करण्याआधी हा फरक लिहून ठेवा. सेमी इंग्रजीचे वर्ग कुठल्या माध्यमात धरलेत, हेही प्रत्येक तक्त्यात तपासा. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून शिकणारं मूल मराठी आणि इंग्रजी अशा दोनच रकान्यांत नीट बसत नाही.

विभाग कोणता निवडावा, हे नेहमी विचारलं जातं. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, भाषाविज्ञान, कुठूनही हे काम होतं. मार्गदर्शक क्षेत्रकार्य करणारे असावेत, एवढं मात्र बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं मिळतात, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, आणि प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती गेली आहे. त्या मोकळ्या झालेल्या वेळेत घाईघाईने कुठेतरी निबंध छापण्यापेक्षा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष एकाच शाळेजवळ राहा. कायमच्या प्राध्यापकीच्या जागा कमी आहेत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांना मात्र शाळा आतून माहीत असलेली माणसं लागतात.

आणि निष्कर्ष हातात आले की शाळा व्यवस्थापन समितीची बैठक मागून घ्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे मराठीत आणि सोबत्याच्या मदतीने गावच्या बोलीत तुमचं म्हणणं मांडा. पालक हरकती घेतील, काही गोष्टी चुकीच्या आहेत म्हणून ठासून सांगतील. त्या हरकती तारखेसकट टिपून घ्या आणि प्रबंधात त्यांना स्वतंत्र प्रकरण द्या.