ओव्हनचा सेन्सर मागवण्याआधी करायची तयारी

अमेरिकेतल्या घरात वर बर्नर आणि खाली ओव्हन अशी जी जड रेंज असते, तिच्या पडद्यावर ‘एफ-३’सारखा कोड येऊन ती पीं-पीं करू लागली की बहुतेक जण लगेच ऑनलाइन तापमान मोजणारा सेन्सर मागवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी मोजा आणि मग मागवा. नवा सेन्सर लावूनही तोच कोड परत येतो तेव्हा दोष बहुधा वायरीत, जोडणीत किंवा ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात असतो, आणि तो जुना सेन्सर जागेवर असतानाच मल्टीमीटरने पकडता येतो.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. ओव्हनचं दार उघडून चौकट पाहा, नाहीतर खालचा ड्रॉवर बाहेर ओढा. मॉडेल नंबरची पट्टी तिथेच कुठेतरी असते. फोटो काढताना शेवटची अक्षरं आणि आकडेही नीट यायला हवेत, कारण दिसायला सारख्या दोन रेंजचे सेन्सर वेगळे असू शकतात. बऱ्याच रेंजमध्ये ड्रॉवरच्या मागे किंवा मागच्या पत्र्याच्या आत घडी घातलेला एक कागद खोचलेला असतो, त्याला टेक शीट म्हणतात. कोडचा खरा अर्थ आणि सेन्सरचे अपेक्षित ओहम (विजेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, मोजायचं एकक) त्यावर छापलेले असतात. कोड कंपनीगणिक बदलतात, एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलांतही बदलतात, म्हणून इतर कुठल्याही यादीपेक्षा हा कागद प्रमाण माना. रेंज वॉरंटीत असेल किंवा घर भाड्याचं असेल तर हत्याराला हात लावू नका, ज्यांची जबाबदारी आहे त्यांना फोन करा.

मग लक्षण नीट ओळखा. ओव्हन बंद असूनही तापत असेल तर बोर्डावरचा रिले (तापवणारी वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तपासत बसू नका, ब्रेकर पाडा आणि तो पाडलेलाच ठेवा. ओव्हन अजिबातच तापत नसेल तर आधी खालचं एलिमेंट कुठे फुगलंय किंवा तुटलंय का ते पाहा. गॅसच्या ओव्हनमध्ये ज्योत पेटवणारा इग्नायटर लालसर होऊनही दीड-दोन मिनिटांत ज्योत पेटली नाही, तर तो कमजोर झालेला असतो. तिथे सेन्सरचा संबंध नाही. उरलं ते चुकीचं तापमान आणि कोड. कोड आला की ब्रेकर दोनेक मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा आणि तो परत केव्हा येतो ते लिहून ठेवा. ओव्हन थंड असतानाच आला तर सर्किट तुटलेलं किंवा शॉर्ट झालेलं असतं. तापल्यावरच येत असेल तर संशय गरम झाल्यावर सुटणाऱ्या जोडणीवर घ्यावा. हा फरक पुढची बरीच धावपळ वाचवतो. सेल्फ-क्लीन (ओव्हनने स्वतःच तापून आतला चिकटा जाळायची सोय) चालवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर तेही लिहा. त्या वेळी आतलं तापमान ९०० अंश फॅरनहाइटच्या आसपास जातं आणि जोडण्यांचा जीव त्यातच जातो.

हत्यारं फार लागत नाहीत. मल्टीमीटर, फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, पाव इंची नट-ड्रायव्हर, बारीक तोंडाची पक्कड, टॉर्च, मास्किंग टेप आणि जाड हातमोजे. हातमोजे विसरू नका: आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि मागच्या काचतंतूच्या लोकरीने हात चांगलेच खाजतात. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटरही घेऊन ठेवा. जमिनीवर पसरायला जाड पुठ्ठा किंवा जुनी सतरंजी हवी, नाहीतर रेंज ओढताना लाकडी फरशीवर ओरखडे उठतात.

विजेच्या बाबतीत घाई नको. इलेक्ट्रिक रेंज २४० व्होल्टवर चालते आणि तिचा ब्रेकर दुहेरी असतो, सहसा ४० किंवा ५० अँपिअरचा. पॅनेलवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, रेंजचं घड्याळ विझलं का ते डोळ्यांनी पाहा. रेंज पुढे आली की प्लगही काढा. गॅसची रेंज असेल तर मागचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लवचिक नळी ताणली जाईल इतकी ती ओढू नका. नळी सोडवायची वेळ आली तर ते काम जाणकाराकडे द्या. रेंज एकट्याने ओढायची नाही, दोघं हवेत. मागच्या एका पायाशी जमिनीला किंवा भिंतीला ठोकलेला लोखंडी ब्रॅकेट असतो, त्यात पाय अडकलेला असेल. तो कुठल्या बाजूला आहे ते आत्ताच पाहून ठेवा.

रेंज मात्र प्रत्येक वेळी ओढावी लागत नाही. सेन्सर म्हणजे ओव्हनच्या मागच्या भिंतीत, वरच्या भागात, पुढे आलेली बोटभर लांबीची स्टीलची नळी. दोन स्क्रू काढले की तो पुढे येतो आणि काही मॉडेलांत त्याची वायर कनेक्टरसकट आत ओढता येते. वायर सोडवण्याआधी ती मास्किंग टेपने भिंतीला चिकटवा, कारण कनेक्टर एकदा लोकरीमागे घसरला की मागचा पत्रा उघडण्याशिवाय गत्यंतर नसतं. स्क्रू घट्ट बसले असतील तर बिट पूर्ण टेकवून सावकाश जोर द्या. तिथे स्क्रूचं डोकं झिजलं तर साधं काम फारच किचकट होऊन बसतं.

आता मोजणी, आणि इथे निवांत वेळ द्या. आजच्या बहुतेक रेंजमध्ये सेन्सरच्या टोकाला प्लॅटिनमचा रोधक असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध जवळजवळ सरळ रेषेत वाढत जातो आणि वर्षानुवर्षं फारसा ढळत नाही, म्हणून प्लॅटिनम. शून्य अंश सेल्सिअसला १००० ओहम, साधारण २१ अंशाला १०८० च्या आसपास, ३५० फॅरनहाइटला सुमारे १६५०. मोटामोटी एका सेल्सिअस अंशामागे पावणेचार ओहम. काही मॉडेलांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तिथे टेक शीटवरचे आकडेच धरा. भारतातल्या साध्या, बटण फिरवायच्या ओटीजीला तर हे गणित लागूच नाही, कारण तिथे सहसा यांत्रिक थर्मोस्टॅट असतो.

मल्टीमीटर २००० ओहमच्या पट्ट्यावर लावा. २०० च्या पट्ट्यावर ठेवला तर धडधाकट सेन्सरही तुटलेला दिसेल आणि उगाच नवा मागवला जाईल. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून मीटर शून्याजवळ येतो का ते पाहा. मग सेन्सर सुटा करून मोजा. आकडा न येता ‘ओएल’ आलं तर सेन्सर आतून तुटला. शून्याजवळ आलं तर शॉर्ट आहे. एक टोक सेन्सरच्या पिनेला आणि दुसरं त्याच्या स्टीलच्या नळीला लावा; इथे काहीही आकडा येता कामा नये. आकडा शंकास्पद वाटला तर पेल्यात भरपूर बर्फ आणि थोडं पाणी घेऊन सेन्सरचं फक्त टोक बुडवा. दोन-तीन मिनिटांत तो हजाराच्या आसपास यायला हवा. मला हीच परीक्षा सर्वांत आवडते, कारण खोलीचं तापमान नेमकं किती याचा वाद तिथे उरत नाही.

सेन्सर ठीक निघाला तरी थांबू नका. तो पुन्हा जोडा, वीज अजून बंदच ठेवा आणि आता बोर्डाच्या टोकाला जिथे ही वायर येते तिथला प्लग काढून त्याच्या पिनांवर मोजा. दोन्ही आकडे एक-दोन ओहमच्या फरकाने जुळले पाहिजेत. बोर्डाकडे ४० ओहम जास्त दिसले तर ते मधल्या काळवंडलेल्या कनेक्टरमुळे आलेले असतात, आणि तेवढ्याने बोर्डाला ओव्हन सुमारे २० फॅरनहाइट जास्त गरम वाटतो. मग तो तापवणं लवकर थांबवतो. दिवाळीची नानखटाई खुसखुशीत व्हायच्या ऐवजी सपाट पसरते आणि दोष पिठाला दिला जातो. मोजतानाच वायर हलक्या हाताने हलवा. आकडा उड्या मारू लागला तर जागा सापडलीच. दोन्हीकडे आकडा बरोबर असूनही कोड येत राहिला तर दोष बोर्डात आहे असं धरायला हरकत नाही. बोर्ड सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो, म्हणून हा निष्कर्ष मोजल्याशिवाय काढू नका.

सेन्सरच खराब निघाला तर पूर्ण मॉडेल नंबरावरून मागवा. नळीची लांबी आणि कनेक्टरचा आकार जुन्याशी ताडून घ्या. कनेक्टर तोडून वायर जोडायची असेल तर चिनी मातीच्या, उष्णता सोसणाऱ्या, वायरीच्या जोडावर बसवायच्या टोप्याच वापरा. भिंतीतल्या वायरिंगसाठीच्या प्लास्टिकच्या टोप्या तिथे वितळतात. नवा सेन्सर भिंतीला किंवा जाळीला टेकलेला नको, वायर लोकरीच्या बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. ओव्हनच्या तळाला पसरलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइलही काढून टाका, तिच्यामुळे उष्णतेचं वाटप बिघडतं.

रेंज परत ढकलताना मागचा पाय ब्रॅकेटमध्ये गेलाच पाहिजे. वरची मागची कड धरून रेंज हलकेच पुढे कलवून पाहा. ती लगेच अडली पाहिजे. हा ब्रॅकेट नसेल तर उघड्या दारावर मूल चढलं तरी रेंज पुढे कलंडू शकते आणि वर उकळतं भांडं असतं. ही तपासणी कुणीही टाळू नये.

शेवटी थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून रिकामा ओव्हन ३५० वर चाळीसेक मिनिटं चालवा. एकाच आकड्यावर जाऊ नका, ओव्हन चालू-बंद होत खाली-वर होतोच; तीन-चार फेऱ्यांची सरासरी धरा. आणि एक गोष्ट राहून जाते: जुना सेन्सर बिघडत असताना कुणी सेटिंगमध्ये जाऊन तापमान वीस-तीस अंशांनी वाढवून ठेवलं असेल, तर ते आधी शून्यावर आणा. नाहीतर नव्या सेन्सरवर पहिलाच केक करपेल.