गाडी नुसती 'टकटक' करते, सुरू होत नाही?
आधी आवाज नीट ऐका. भराभर टकटकटक झालं, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. एकदाच जोरात 'टक' झालं, तर संशय स्टार्टरवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर. खात्रीसाठी हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ती जागा). लखलखीत राहिले तर स्टार्टर आणि सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) मेकॅनिकला दाखवा.

नवी बॅटरी घ्यायची घाई मात्र अजिबात करू नका! बॉनेट उघडून टर्मिनल हलतंय का बघा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं करून घट्ट आवळा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. पुष्कळदा एवढ्यावरच गाडी सुरू होते. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर बंद गाडीत चार्ज असलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते.