राउटिंग टेबल: या चुका टाळा

नेट बंद पडले की राउटर बंद करून पुन्हा चालू करणाऱ्या बहुतेकांनी राउटिंग टेबल (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे याची राउटरमधली यादी) कधी उघडलेलेच नसते, आणि जे उघडतात ते हे टेबल वरून खाली वाचतात. राउटर मात्र नोंदींचा क्रम पाहत नाही. १०.२०.०.०/१६ आणि १०.२०.५.०/२४ या दोन्ही नोंदी असतील, तर १०.२०.५.९ साठी तो /२४ चीच नोंद निवडतो, कारण तिचा प्रिफिक्स (पत्त्याचा जुळवला जाणारा सुरुवातीचा भाग; तिरक्या रेषेनंतरचा आकडा त्याची लांबी सांगतो) अधिक लांब आहे. पहिलीचे मेट्रिक (वाटेचा खर्च) कितीही कमी असले तरी यात फरक पडत नाही. सिस्को कंपनीच्या राउटरवर स्टॅटिक, म्हणजे हाताने घातलेल्या रूटचे अंतर (विश्वासाचा क्रमांक, कमी तो सरस) १ आणि ओएसपीएफचे, म्हणजे राउटरांनी आपसांत कळवलेल्या रूटचे ११० ही तुलना प्रिफिक्स तंतोतंत सारखा असेल तेव्हाच होते.

परतीच्या मार्गाचा विसर ही माझ्या दृष्टीने सर्वांत संतापजनक चूक. देवगडजवळच्या एका आंबा प्रक्रिया केंद्रात, ऐन हंगामात, शीतगृहाचे तापमान कार्यालयातील संगणकावर दिसेना. कार्यालय १९२.१६८.१०.०/२४ वर, शीतगृह १९२.१६८.२०.०/२४ वर, मध्ये वायरलेस लिंक. कार्यालयाच्या राउटरवर स्टॅटिक रूट होता आणि तेथून पलीकडच्या राउटरला पिंगही (पोहोच तपासणारा छोटा संदेश) जात होते. तरीही घाईत असलेला तंत्रज्ञ भर उन्हात छपरावर चढून अँटेना फिरवत राहिला. शीतगृहाच्या राउटरवर कार्यालयाच्या नेटवर्कची नोंदच नव्हती, त्यामुळे प्रत्येक उत्तर डिफॉल्ट रूटने (दुसरी नोंद जुळली नाही की वापरायची वाट) तेथील स्वतंत्र इंटरनेट जोडणीकडे जाऊन वाया जात होते. राउटरवरून केलेले साधे पिंग लिंकचाच पत्ता घेऊन निघते, आणि तो पत्ता पलीकडे थेट जोडलेला असल्याने उत्तर येते. म्हणूनच ते फसवे ठरते. रूट घातला की मी लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून देऊन पिंग करतो आणि मगच खाली उतरतो.

नेक्स्ट हॉप (वाटेतला पुढचा राउटर) स्वतः पोहोचण्याजोगा नसेल, तर स्टॅटिक रूट टेबलात येतच नाही. दोन्ही शाखांत १९२.१६८.१.०/२४ असेल, तर नॅटचे (वाटेत पत्ते बदलण्याचे) ठिगळ न लावता एका शाखेचे पत्ते बदलावेत. एका दुपारचे काम आहे. सिस्कोवर कॉन्फिगरेशन सेव्ह करावे, नाहीतर कोकणात वीज गेली की रूटही गेला.

पावसाळ्यात दरड किंवा रस्त्याच्या कामामुळे फायबर तुटते, पण ओएनटीकडे (फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याकडे) जाणारा राउटरचा पोर्ट चालूच राहतो, त्यामुळे मेलेला डिफॉल्ट रूट टेबलात कायम राहतो आणि बॅकअपचे ४जी नुसते बसून असते. तपासणीचे पिंग ओएनटीला न लावता, फायबरच्याच वाटेने, त्यापलीकडच्या पत्त्याला लावावे.